चौदातले बारा दिवस संपले होते

शुक्रवारी सकाळी एक बाई सल्ला विचारायला आल्या तेव्हा टाइमशेअरच्या, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक दिवस राहण्याचा हक्क विकत घेण्याच्या, करारावर सही करून बारा दिवस झाले होते. सोबत कराराची जाडजूड फाइल, चकचकीत माहितीपत्रक आणि सभासदत्वाचा लॉगिन. प्रश्न एकच होता: "घेतलंय खरं, पण माझ्यासारखीला ते परवडतं का?" माझ्यासारखी म्हणजे एकटीनं फिरणारी, वर्षाला नऊ-दहा सहली करणारी, आणि निघायचं ठरतं ते निघण्याच्या चार-पाच दिवस आधी.

टाइमशेअरबद्दल विचारायला लोक येतात ते बहुधा करारातून माघार घ्यायची मुदत उलटून गेल्यावर. इथे दोन दिवस हातात होते, म्हणून दुसरी सगळी कामं बाजूला ठेवली.

पहिलं काम मुदत नीट मोजण्याचं. रिसॉर्ट युरोपीय संघातल्या देशात होतं, त्यामुळे संघाचा टाइमशेअरविषयीचा २००८/१२२/ईसी हा निर्देश लागू. त्यात माघार घ्यायला १४ दिवस मिळतात. ते कॅलेंडरचे दिवस आहेत, शनिवार-रविवार धरून. सही आणि कराराची प्रत हाती पडणं यांतलं जे नंतर घडेल तिथून मोजायचं. त्यांना प्रत सहीच्या दिवशीच मिळाली होती, म्हणजे शेवटचा दिवस रविवार. (माघारीचा ठरावीक अर्ज विक्रेत्यानं भरून दिलाच नाही तर ही मुदत एक वर्ष आणि १४ दिवसांपर्यंत लांबते. तो फाइलमध्ये आहे का, हे आधी पाहिलं. होता.) अमेरिकेतल्या फ्लोरिडात हीच मुदत १० दिवसांची आहे. दुसरीकडचे दिवस गृहीत धरण्यात बरेच जण फसतात. करार ज्या कायद्याखाली झाला, त्याचेच दिवस धरायचे.

विक्रीच्या बैठकीत त्यांना सांगितलं होतं, "आमचा तुमच्यावर इतका विश्वास आहे की पंधराव्या दिवसापर्यंत एक पैसाही घेणार नाही." त्यांना ते मोठेपणाचं वाटलं होतं. त्या निर्देशात माघारीची मुदत संपेपर्यंत आगाऊ रक्कम घ्यायला, अगदी खात्यात पैसे रोखून ठेवायलाही बंदी आहे. कायद्यानं बांधलेले हात जोडून दाखवायचे आणि वर त्याचं श्रेय घ्यायचं, ही विक्रीची कला.

मग करार बाजूला ठेवला आणि त्यांची मेलपेटी उघडली. टाइमशेअर चांगलं की वाईट हा प्रश्नच चुकीचा. माणूस जसा फिरतो तसा नियम आहे का, एवढंच बघायचं. मागच्या २४ महिन्यांतलं प्रत्येक बुकिंग काढलं आणि पाच रकाने आखले: ठरवल्याची तारीख, निघाल्याची तारीख, रात्री किती, त्यात शुक्र-शनि आहेत का, आणि माणसं किती. तासभर गेला, पण दिवसभरातलं सगळ्यात मोलाचं काम तेच. "मी साधारण महिनाभर आधी ठरवते" असं त्या सुरुवातीला म्हणाल्या होत्या. मेलच्या तारखा वेगळंच सांगत होत्या.

एकूण १९ सहली, ४१ रात्री. १६ सहली दोन रात्रींच्या, ३ सहली तीन रात्रींच्या. १४ सहली निघण्याच्या दहा दिवसांच्या आत ठरलेल्या, ३ दहा ते पंचेचाळीस दिवसांत, आणि फक्त २ दोन महिन्यांहून आधी. त्या दोन्ही मैत्रिणींबरोबरच्या. शुक्रवार-शनिवारची रात्र १७ सहलींत. १९पैकी ८ वेळा मुक्काम भर शहरात. शिवाय ठरवून बुकिंग केलेल्या आणि ऐन वेळी कामामुळे रद्द कराव्या लागलेल्या ४ सहली वेगळ्याच.

आता पैसे. करारातली रक्कम एका चलनात, देखभाल शुल्क दरवर्षी बदलणारं, विनिमयाचं, म्हणजे दुसऱ्या रिसॉर्टशी आठवडा अदलाबदल करण्याचं, शुल्क तिसरीकडे. असं असलं की डोकं चालेनासं होतं आणि विक्रेत्याला तेच हवं असतं. म्हणून सगळं एकाच मापात आणलं: त्या स्वतः हॉटेलच्या खोलीला एका रात्रीचं सरासरी जेवढं भाडं देतात, ते म्हणजे 'एक रात्र'. या मापात कराराची किंमत १५० रात्री. मुदत १५ वर्षं, म्हणजे वर्षाला १०. देखभाल शुल्क वर्षाला ६. खोल्यांची भाडी आणि देखभाल शुल्क एकाच वेगानं वाढतं असं धरलं, जे विक्रेत्याच्या बाजूनं उदार गृहीतक आहे. विक्रेत्यानं जोडून दिलेल्या कर्जाचं व्याजही सोडून दिलं. तरी वर्षाला १६ रात्रींचे पैसे द्यायचे. बदल्यात काय?

बदल्यात वर्षाला ७० पॉइंट, जे मोडून रिसॉर्टमधल्या रात्री घ्यायच्या. माहितीपत्रकात लिहिलं होतं की ७० पॉइंटमध्ये मधल्या हंगामात एक बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये पूर्ण आठवडा मिळतो. ते खरंच होतं. पण पॉइंटचा तक्ता मागच्या जोडपत्रात होता आणि तो कुणी वाचला नव्हता. रविवार ते गुरुवार प्रत्येक रात्रीला ७ पॉइंट, शुक्रवार आणि शनिवारला प्रत्येकी साडेसतरा. पाच साते पस्तीस, आणि उरलेल्या दोन रात्रींचे पस्तीस. म्हणजे त्यांची नेहमीची शुक्र-शनिची सहल आठवड्याचे अर्धे पॉइंट खाते. वर्षाला दोन सहली, चार रात्री, खेळ खलास. सोळा देऊन चार.

हे ऐकून त्या गप्प झाल्या, पण इथेच थांबलो असतो तर ते अन्यायाचं झालं असतं. एकट्या माणसाला बेडरूम वेगळी लागत नाही, स्टुडिओ पुरतो. स्टुडिओला रविवार ते गुरुवार रात्रीला ४ आणि शुक्र-शनिला प्रत्येकी १० पॉइंट. दोन रात्रींचे वीस. त्यातच निघण्याच्या ३० दिवसांच्या आत बुकिंग केलं तर पॉइंटमध्ये ३० टक्के सूट, हेही करारात होतं आणि विक्रेत्यानं तोंड भरून सांगितलं होतं: "शेवटच्या क्षणी निघणाऱ्यांसाठीच तर ही योजना." म्हणजे सहलीला १४ पॉइंट, वर्षाला पाच सहली, दहा रात्री. सगळं मनासारखं जुळलं तरी दहा रात्रींसाठी सोळा रात्रींचे पैसे. स्वतः हॉटेल शोधून जातात त्यापेक्षा दीडपटीहून महाग, आणि हे सर्वांत चांगलं चित्र.

चार जणांच्या कुटुंबाला हाच करार कसा दिसतो, तेही मांडून पाहिलं, कारण त्यांना वाटत होतं आपल्याला लुबाडलं. ते कुटुंब वर्षाआधी सुट्टी ठरवतं, शाळेच्या वेळापत्रकाशी बांधलेलं असतं, आठवडाभर एकाच जागी राहतं. त्यांना हॉटेलात दोन खोल्या लागल्या असत्या: सात दिवसांच्या चौदा रात्री. वर स्वयंपाकघर. सोळाला चौदा, जवळजवळ फिटंफाट. टाइमशेअर विकलं जातं अपार्टमेंटच्या हिशेबानं, वापरलं जातं पलंगाच्या हिशेबानं. एकटा माणूस रिकाम्या पलंगांचंही देखभाल शुल्क भरत असतो.

रद्द करण्याचा नियम मात्र मला सगळ्यात वाईट वाटला. प्रवासाला ३० दिवसांहून जास्त असताना रद्द केलं तर पॉइंट परत. त्याहून कमी असतील तर पॉइंट बुडाले. वाचताना वाजवी वाटतो. पण पाच दिवस आधी बुकिंग करणाऱ्याचं प्रत्येक बुकिंग जन्मतःच त्या बुडीत पट्ट्यात असतं. सूट मिळते तीच मुळी परत न मिळणाऱ्या रात्रींवर. वर्षाला दोन सहली रद्द होतात हे मेलपेटीनं दाखवलंच होतं. म्हणजे पाचांतल्या दोन गेल्या, उरल्या सहा रात्री.

दुपारी लॉगिन वापरून सभासदांना रिकाम्या जागा शोधायची पेटी उघडली. सभासद होण्याआधी ही शोधपेटी कुणी दाखवत नाही. बैठकीत दाखवतात तो आधीच शोधून ठेवलेला नमुना. मुदतीच्या आत लॉगिन मिळालं असेल तर ते वापरून बघण्याइतकी दुसरी चांगली परीक्षा नाही. फक्त पुढच्या वर्षीची तारीख टाकायची नाही, स्वतःच्या सवयीची टाकायची. आम्ही पुढचा शुक्रवार टाकला, दोन रात्री, एक माणूस. यादीतल्या २६ रिसॉर्टपैकी ५ ठिकाणी जागा निघाली. स्टुडिओ एकाच ठिकाणी. उरलेल्या चारांपैकी तिघांना विमानतळ किंवा स्टेशनपासून भाड्यानं गाडी घेतल्याशिवाय पोचता येत नव्हतं, आणि एकट्यानं गाडीचं भाडं भरायचं म्हणजे खोलीएवढाच खर्च. शहरात एकही नाही. त्यात आश्चर्य नव्हतं. असे रिसॉर्ट बहुधा समुद्रकिनारी, डोंगरात, स्कीच्या गावात किंवा मोठ्या उद्यानांच्या आसपास बांधले जातात.

मग सहज म्हणून दुसऱ्या खिडकीत हॉटेल बुकिंगची सर्वांसाठी खुली असलेली साइट उघडली आणि त्याच रिसॉर्टचं नाव टाकलं. तीच इमारत, तोच स्टुडिओ, तोच शुक्रवार. भाडं आमच्या मापात ०.९ रात्र. सभासद नसलेल्या कुणालाही.

त्या हसायलाच लागल्या. यात चमत्कारिक काही नाही. न विकलेले आठवडे कंपनीच्याच मालकीचे असतात, त्यांचं देखभाल शुल्क तिलाच भरावं लागतं, म्हणून रिकाम्या खोल्या ती जमेल तशी बाजारात सोडते. ज्यांना जायला जमत नाही ते मालकही आपली रात्र भाड्यानं देतात, देखभालीचे पैसे तरी सुटावेत म्हणून. तारीख जवळ आली की दोघांचाही हात ढिला पडतो. ऐन वेळी निघणारी, कुठेही जायला तयार असलेली एकटी व्यक्ती म्हणजे टाइमशेअरच्या उरलेल्या मालाचं आदर्श गिऱ्हाईक. तिनं मालक व्हायचं काही कारण नाही.

एक शंका राहिली होती: विनिमय. १९७४मध्ये सुरू झालेली आरसीआय आणि १९७६मधली इंटरव्हल इंटरनॅशनल या दोन कंपन्यांमार्फत एका रिसॉर्टचा आठवडा देऊन दुसरीकडचा घेता येतो. इंटरव्हलच्या फ्लेक्सचेंज या सोयीत प्रवासाच्या ५९ दिवस ते २४ तास आधीपर्यंत उरलेल्या जागा मिळतात, तिथे आपला आठवडा किती मागणीचा आहे हे फारसं आड येत नाही. कागदावर हे अगदी त्यांच्यासाठी शिवल्यासारखं. पण विनिमयात बहुतेक आठवडाच मिळतो. दोन रात्री राहून पाच सोडून द्यायच्या, आणि या करारात वार्षिक वर्गणी एक रात्र, प्रत्येक विनिमयाला दोन रात्री शुल्क. दोन रात्री झोपण्यासाठी दोन रात्रींचं नुसतं शुल्क. पॉइंट गेले ते वेगळे. वर्षातून एकदा तीन आठवडे सुट्टी काढून, लॅपटॉप घेऊन, आडहंगामात एका जागी राहणाऱ्या एकट्या माणसाला हे खरंच जमू शकतं. तोही शहाणा असेल तर नवं घेणार नाही, जुन्या मालकाकडून घेईल; देखभाल शुल्काला कंटाळलेले लोक नाममात्र किमतीत देऊन टाकतात. तिथेही हस्तांतराचं शुल्क, कंपनीचा आधी विकत घेण्याचा हक्क आणि दुसऱ्या हाती गेल्यावर गळणाऱ्या सवलती हे तिन्ही आधी लेखी विचारायचं. आणि 'तुमचा आठवडा विकून देतो, आधी फी भरा' म्हणणाऱ्याला दारात उभं करायचं नाही.

"पण तीन-चार वर्षांनी आईला घेऊन आठवडाभर जाईन म्हणते," त्या म्हणाल्या. जा की. त्या वर्षी एखाद्या मालकाचा आठवडा भाड्यानं घ्या. पैसे देण्याआधी रिसॉर्टला फोन करून बुकिंग तुमच्या नावावर चढलंय का ते विचारा, आणि मालकाच्या जागी तुम्ही राहणार असल्याचं, पाहुण्याचं पत्र मागून घ्या. दाराशी अडवतात ते ओळखपत्र आणि बुकिंगवरचं नाव जुळलं नाही म्हणून.

चार वाजता माघारीचं पत्र लिहायला घेतलं. कारण लिहायचं नाही. कारण लिहिलं की त्यावर समजूत घालणारा फोन येतो. फाइलमधला ठरावीक अर्जच भरला: कराराचा क्रमांक, सहीची तारीख, रिसॉर्टचं नाव, ग्राहकाचं नाव जसं करारात आहे तसंच, आजची तारीख, सही. करारात दिलेल्या पत्त्यावर नोंदणीकृत टपालानं आणि त्याच दिवशी स्कॅन करून ईमेलनं. मुदतीच्या आत पाठवलं की पुरतं, पोचण्याची वाट बघावी लागत नाही. म्हणून टपालाच्या पावतीवरची तारीख महत्त्वाची, तिचा फोटो काढून ठेवला. विक्री प्रतिनिधीला फोन करून कळवणं म्हणजे कळवणं नव्हे. त्याच पत्रात दोन ओळी जास्त घातल्या: जोडलेला विनिमय करार आणि या खरेदीसाठीचं कर्जही रद्द झाल्याची लेखी पोच द्यावी. मूळ करार सुटला की तीही आपोआप सुटतात, पण कर्ज देणाऱ्याच्या नोंदीत ते सुटलं की नाही हे वेगळं बघावं लागतं.

सोमवारी कंपनीचं उत्तर आलं. पोच होती, आणि खाली एक नवा प्रस्ताव: पूर्ण सभासदत्व नको तर तीन वर्षांचा चाचणी पॅक, किंमत ३० रात्री, वर्षाला ३५ पॉइंट, देखभाल शुल्क नाही. आता त्यांनी मला विचारलं नाही. वर्षाला दहा रात्री देऊन, ३० टक्के सूट धरूनही, अडीच सहली, असा हिशेब स्वतःच करून तो मेलवर मला पाठवला. त्यातही एक सहल रद्द होणार हे धरलेलं होतं.

कर्जाची पोच मात्र मागे लागून घ्यावी लागली. ती नऊ दिवसांनी आली, आणि तोवर पहिल्या हप्त्याची सूचना येऊन गेली होती.