मिश्रीचं स्वप्न पडलं म्हणून सुटलेली मिश्री परत लागत नाही

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आमच्या सोलापुरातल्या अशोक चौकाकडच्या बायका अजून मानतात. मिश्री, म्हणजे दातांना लावायची भाजलेली तंबाखू, सोडायला निघालेल्या बाईला हा समज फार महागात पडतो, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या गल्लीतल्या एकीनं नुकतीच मिश्री सोडली होती. एका सकाळी ती रडतच आली. ‘ताई, पहाटं स्वप्नात दात घासत होते. आता काय सुटत नाही माझी.’ स्वप्नानं तिचं काही बिघडलं नव्हतं. पण त्याचा तिनं जो अर्थ लावला, त्यापायी ती त्याच दिवशी डबी उघडायला निघाली होती.

हे स्वप्न मला चांगलं ओळखीचं आहे. आई विड्या वळायची. घरात तेंदूची पानं आणि तंबाखूचा वास कायमचा. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून मिश्री घरीच व्हायची. दाढ दुखते म्हणून आजीनं मला ती लावायला दिली, तेव्हा मी शाळेत होते. अर्धं आयुष्य त्यात गेलं. सुटली ती डॉक्टरांनी तोंडातला पांढरा चट्टा दाखवल्यावर.

सोडल्यावर स्वप्नं सुरू झाली. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी आहे, नंदीध्वज चाललेत, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ‘हर्र बोला हर्र’ म्हणतायत आणि माझं बोट तोंडात. मिश्री सोडलीय हे एकदम आठवतं, पोटात गोळा येतो. जाग आल्यावर मी जीभ दातांवरून फिरवून चव लागते का बघायची.

मन अजून तिकडंच आहे, असं मलाही सांगणारे भेटले. मला ते पटत नाही. स्वप्नात मिश्री होती, तशी धास्तीही होती, आणि ती धास्ती मिश्री लावत असताना कधीच नव्हती. ज्याला काही राखायचं आहे त्यालाच ते जाण्याची भीती वाटते.

हायेक आणि बेल्चर या दोन संशोधकांनी 1991 साली सिगारेट सोडलेल्यांच्या स्वप्नांचा अभ्यास छापला. सोडून एक ते चार आठवडे झालेल्या 293 जणांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना आपण सिगारेट ओढतोय असं स्वप्न पडलं होतं आणि बहुतेकांना स्वप्नातच अपराधी वाटलं होतं. ओढत असताना अशी स्वप्नं जवळजवळ कुणालाच पडत नव्हती. आणि ज्यांना ती पडली, ते पुढे सिगारेटपासून लांब राहण्याची शक्यता जास्त निघाली. अभ्यास सिगारेटचा आहे, पण निकोटिन मिश्रीतही तेच. ते तुटलं की स्वप्नं ठळक होतात. शिवाय स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते, म्हणून पहाटेचीच स्वप्नं जास्त आठवतात. खरं होण्याशी त्याचा संबंध नाही.

एका स्वप्नाकडे मात्र मी लक्ष देते. कधी कधी भीती नसते, नुसती गोडी असते, आणि जाग आल्यावर चुटपुट लागते. असं माझ्या बाबतीत घरात आजारपण, जागरणं असली की होतं. त्या दिवशी मी जिथं डबी फिरते त्या ओट्यावर बसायला जात नाही. सरळ बहिणीला फोन लावते आणि स्वप्न सांगून टाकते.

तंबाखूच्या पाकिटावर 1800-11-2356 हा सोडायला मदत करणारा फुकट नंबर छापलेला असतो. घरी भाजलेल्या मिश्रीला पाकीटच नसतं, त्यामुळे आमच्या बायकांपर्यंत तो पोचतच नाही. याचं मला फार वाईट वाटतं. गल्लीतल्या त्या मुलीला मी तो तिच्या मोबाईलमध्ये घालून दिला. डबी तिनं स्वतःच माझ्याकडे आणून ठेवली आहे. परवा पुन्हा तेच स्वप्न पडलं म्हणाली, पण या वेळी सांगताना रडली नाही.