तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा बाथरूमला एवढा गडद रंग?

घरी आलेलं माणूस आमच्या बाथरूममधून बाहेर आलं की हात पुसता पुसता हा प्रश्न विचारतंच. ‘एवढ्याशा जागेला एवढा गडद हिरवा? कोंदट नाही वाटत?’ काहीजण थेट विचारत नाहीत. ‘छान आहे हं, वेगळं आहे,’ म्हणतात, पण त्या ‘वेगळं’मध्ये तोच प्रश्न असतो. हल्ली त्याला शेपूटही फुटलंय: ‘आम्हीही करून घ्यावं म्हणतोय, शेड कोणती?’ दारात उभ्या उभ्या एवढं सगळं सांगता येत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी कोंदटपणाचं बघू. आमची बाथरूम पाच बाय सात फुटांची. खिडकी नाही, एक एक्झॉस्ट फॅन आहे तेवढाच. पूर्वी ती पांढरीच होती. पण पांढरा रंग काही स्वतः उजेड पाडत नाही, आलेला उजेड परत फेकतो. जिथे उजेड येतच नाही तिथे तो बिचारा काय फेकणार? कोपऱ्यांत तो राखाडी पडायचा आणि नुकती पुसलेली भिंतही मळकट दिसायची. गडद रंगाचा असा काही दावाच नसतो. कोपऱ्यात सावली पडली तरी ती भिंतीतच मुरते. दोन भिंती नेमक्या कुठे मिळतात ते पटकन कळत नाही, त्यामुळे खोली अंगावर येत नाही. खोली मोठी वाटते असं मात्र मी म्हणणार नाही. आईनं पहिल्यांदा आत डोकावून ‘अरे, आता कंदील घेऊन आंघोळीला जायचं का?’ असं विचारलं होतं, आणि त्या दिवशी तिचं काही चुकलं नव्हतं. कारण माझी पहिली चूक तिथेच झाली होती. रंग बदलला, पण दिवा जुनाच ठेवला.

छताच्या मधोमध एकच दिवा होता. भिंती पांढऱ्या होत्या तोवर ते खपून गेलं, कारण खालून-बाजूनं परत येणारा उजेड चेहऱ्यावरच्या सावल्या भरून काढायचा. गडद भिंती तो उजेड पिऊन टाकतात. दुसऱ्या दिवशी दाढी करायला आरशासमोर उभा राहिलो तर डोळ्यांच्या खोबण्या काळ्या, हनुवटीखाली सगळा अंधार, आणि मी महिनाभर झोपलो नसल्यासारखा. अर्धी दाढी बोटांनी चाचपून केली. मग आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर दोन दिवे लावून घेतले, 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, आणि सीआरआय 90च्या वरचे. सीआरआय म्हणजे त्या दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचं माप. ते कमी असेल तर त्वचा मेणासारखी दिसते. त्या दोन दिव्यांनी जे काम केलं ते कोणत्याही शेडनं केलं नसतं. म्हणून कुणी शेडचं नाव विचारलं की मी आधी विचारतो, आरशापाशी दिवे कुठे आहेत?

आता शेड. माझ्या मनात खरं तर गडद निळा होता. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली तो काय देखणा दिसला! घरी पिवळसर दिव्याखाली धरला तर मेला, काळपट राखाडी झाला. निळ्याचं असं बरेचदा होतं, कारण पिवळसर उजेडात निळा भागच कमी असतो. शेड कार्डावरच्या टिचभर चौकोनावरून हे कळणं कठीण. मग मी एका मोठ्या पुठ्ठ्यावर हिरव्याचे दोन हात मारले, कडेनं पांढरी पट्टी सोडली आणि आठवडाभर तो पुठ्ठा बाथरूममध्ये इकडून तिकडे हलवत राहिलो. बेसिनमागे, दारामागे, छतालगत. धरायचा तो उभा, भिंतीसारखा. आडवा ठेवला की तोच रंग उजळ दिसतो, कारण उजेड वरून पडतो. शिवाय ओला असताना दिसतो त्यापेक्षा रंग वाळल्यावर गडद होतो, तेव्हा रंगारी डबा उघडून दाखवेल त्यावर भुलू नका.

अनेक शेड कार्डांच्या मागे एलआरव्ही म्हणून एक आकडा असतो. रंग किती उजेड परत फेकतो ते त्यावरून कळतं. 0 म्हणजे ठार काळा, 100 म्हणजे शुभ्र. आमच्या हिरव्याचा आकडा 8 आहे. गंमत म्हणजे इतका गडद हिरवा चेहऱ्यावर फारसा उतरत नाही, कारण परत येणारा उजेडच थोडा. मधला, खुलता हिरवा घेतला असता तर आरशात सगळेच आजारी दिसलो असतो.

गडद रंग एका हातात झाकून टाकेल असा माझा समज होता. रंगारी नुसताच हसला. पांढऱ्या रंगात खालचं झाकण्याची ताकद येते ती टायटॅनियम डायॉक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्यामुळे, आणि गडद शेड ज्या बेसमध्ये, म्हणजे शेड मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, बनवतात त्यात ते अगदी कमी किंवा नसतंच. पांढऱ्या प्रायमरवर दोन हात मारूनही रोलरचे पट्टे दिसत होते, तिसरा मारावा लागला. आधी राखाडी प्रायमर मारला असता तर तो बहुधा वाचला असता.

फिनिशबद्दल थोडक्यात सांगतो: सॅटिन, म्हणजे मंद चमकेचा, घ्या. मॅट देखणा दिसतो, पण एक डाग घासला की तेवढाच तुकडा चमकायला लागतो. ग्लॉस पुसायला सोपा, पण पुट्टीचा प्रत्येक उंचवटा चव्हाट्यावर आणतो. पुट्टी घासून झाल्यावर टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा उजेड मारून बघा, सगळे खड्डे दिसतील.

आणि ते तपकिरी ओघळ! रंग झाल्यावर चौथ्या दिवशी मी गरम पाण्यानं मनसोक्त आंघोळ केली. बाहेर येतो तर भिंतीवरून चिकट, मधासारख्या रेघा खाली येतायत. वरच्या मजल्यावरून गळती लागली असंच वाटलं. रंगाऱ्याला फोन केला, तो म्हणाला, ‘ओल्या फडक्यानं पुसा आणि जरा धीर धरा.’ पाण्यात मिसळणाऱ्या रंगात साबणासारखे घटक असतात. रंग पूर्ण पक्का होण्याआधी त्यावर वाफ बसली की ते पृष्ठभागावर येऊन ओघळतात. गडद शेडमध्ये रंगद्रव्य जास्त, म्हणून हा प्रकारही जास्त. रंग हाताला काही तासांत कोरडा लागतो, पण पुरता पक्का व्हायला तीन-चार आठवडे जातात. तीनदा पुसल्यावर ओघळ थांबले.

तक्रारी आहेतच. जड पाण्याचे पांढरे ठिपके, टूथपेस्टचे शिंतोडे, टॉवेलचा बारीक धागा, सगळं उठून दिसतं. उलट काळी बुरशी दिसतच नाही. पांढऱ्यावर ती लगेच कळायची, आता महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन छताचे कोपरे तपासतो आणि आंघोळीनंतर वीसेक मिनिटं पंखा चालू ठेवतो. भिंतीत ओल असेल तर मात्र गडद रंगाचं नावच काढू नका. आतले क्षार पांढरी भुकटी होऊन बाहेर येतात आणि गडद भिंतीवर त्याचा नकाशा तयार होतो.

छत आधी पांढरंच ठेवलं होतं. भिंत आणि छत यांच्यामधली रेघ एका टोकाला बोटभर उतरलेली आहे, हे आम्हाला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. हिरव्यानं ते पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. मग उरलेल्या डब्यातून छतही रंगवलं. रेघ गेली.

शेडचं नाव मी अजूनही सांगत नाही. तो पुठ्ठा कपाटामागे आहे, हवा तर घरी घेऊन जा आणि तुमच्या दिव्याखाली धरून बघा. परत मात्र आणून द्या, मागच्या बाजूला डब्याचा बॅच नंबर लिहिलाय.