चिवडा, बेदाणे आणि तांब्याची भांडी एकाच कार्टमध्ये: ऑनलाइन दुकानासाठी सॉफ्टवेअर निवडताना

नाशिकहून विकायचं सामान तीन तऱ्हांचं होतं: चिवडा, बेदाणे आणि तांब्याची भांडी. थीम, म्हणजे दुकानाच्या साइटचं रूप, मी सगळ्यात शेवटी पाहिलं. आधी या तिन्ही वस्तू कार्टमध्ये टाकून ऑर्डर शेवटपर्यंत नीट जाते का, ते तपासलं.

ऑनलाइन दुकानाची तयार भाड्याची सेवा शॉपिफाय, की वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालणारं दुकानाचं सॉफ्टवेअर वूकॉमर्स, असे दोन पर्याय होते. शॉपिफायमध्ये होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा), सुरक्षा, अपडेट सगळं महिन्याच्या भाड्यात येतं. वूकॉमर्स फुकट, पण होस्टिंग आणि बॅकअप आपण बघायचे. मात्र भाड्यापेक्षा दर विक्रीमागे किती जातं, ते मोजा. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही. त्यामुळे दुसऱ्याचा गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) जोडावा लागतो आणि बेसिक प्लॅनवर शॉपिफाय त्यावर आणखी 2 टक्के घेतं. गेटवेचे 2 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर 1000 रुपयांच्या ऑर्डरमागे 23.60 रुपये जातात, शॉपिफायचे 20 वेगळे. चिवड्याच्या नफ्यात हे वरचे 20 बसेनात, म्हणून वूकॉमर्स.

परराज्यात करपात्र माल विकायचा तर उलाढाल लहान असली तरी सहसा जीएसटी नोंदणी लागते. महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा), बाहेरच्याला आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा एकच कर). वूकॉमर्सच्या कराच्या तक्त्यात 5 टक्क्यांच्या वस्तूला महाराष्ट्रासाठी 2.5 टक्क्यांच्या दोन ओळी भरायच्या. त्यांची प्रायॉरिटी 1 आणि 2 अशी वेगवेगळी हवी. दोन्हीला 1 दिलं तर वूकॉमर्स एकच ओळ धरतं आणि निम्माच कर लागतो. बिल दिसायला बरोबर दिसतं, त्यामुळे चूक लवकर ध्यानात येत नाही. एमआरपीत कर धरलेलाच असतो, तेव्हा किमती 'करासहित' ठेवा.

खरी परीक्षा कुरिअरची. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 5000 ने भागायचं. हे आकारावरून आलेलं किलोतलं वजन आणि काट्यावरचं वजन यातलं जे जास्त, त्याचे पैसे लागतात. एक किलो चिवड्याचं खोकं 30 × 25 × 16 असेल तर हिशेब 2.4 किलोचा होतो. एकात एक बसवलेल्या तांब्याच्या फुलपात्रांना काट्यावरचंच वजन लागू पडतं. वूकॉमर्समध्ये मुळात फ्लॅट रेट (ठरलेला दर), मोफत डिलिव्हरी आणि दुकानातून घेऊन जाणं एवढंच मिळतं. म्हणून चिवड्याला वेगळा शिपिंग क्लास, म्हणजे पाठवणीच्या दराचा वेगळा गट, दिला. भांड्यांसाठी वजनानुसार दर लावणारं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) घेतलं. नाशिकमधल्याच पंचवटी, कॉलेज रोडच्या गिऱ्हाइकांसाठी दुकानातून नेण्याची सोय चालू ठेवली. ती जरूर ठेवा.

पेमेंटमध्ये एक जागा हमखास फसते. गिऱ्हाईक यूपीआयने पैसे भरतं आणि दुकानाचं पान परत उघडायच्या आत ब्राउझर बंद करतं. पैसे आले, पण ऑर्डर 'पेंडिंग'च. स्टॉक राखून ठेवायची मुदत मुळात 60 मिनिटांची असते. ती उलटली की ऑर्डर आपोआप रद्द होते. यावर इलाज वेबहुक. गेटवेच्या डॅशबोर्डमध्ये दुकानाच्या साइटचा वेबहुकसाठीचा पत्ता देऊन पैसे जमा झाल्याची घटना निवडायची, म्हणजे ब्राउझर बंद झाला तरी निरोप थेट सर्व्हरला पोचतो. टेस्ट मोडमध्ये मुद्दाम टॅब बंद करून हे तपासाच. कॅशचं (साइट लवकर उघडावी म्हणून पानांच्या प्रती साठवणारं) प्लगइन असेल तर कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही पानं त्यातून वगळा, नाहीतर भरलेली कार्ट रिकामी दिसते.

मालाची यादी एक्सेलमधून चढवताना फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-8' म्हणूनच सेव्ह करा. साध्या सीएसव्हीत 'बेदाणे'च्या जागी प्रश्नचिन्हं येतात. नावं मराठीत असू द्या, पण पानाचा पत्ता (लिंक) रोमन अक्षरांत, कारण देवनागरी पत्ता व्हॉट्सअॅपवर पाठवला की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. खाद्यपदार्थांच्या पानावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) 14 आकडी क्रमांक आणि निव्वळ वजन टाका. आणि डोमेन (साइटचं नाव) कुणीही घेऊन देवो, नोंदणी दुकानमालकाच्याच नावावर आणि ईमेलवर करून घ्या.