शिल्लक कुणाची?

"नफा झालाय म्हणजे आपण कुणाकडून तरी जास्तच घेतलंय ना?"

आज आमच्या सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचून झाला आणि मागच्या रांगेतल्या एक बाई उठून एवढंच बोलल्या अन् खाली बसल्या. हॉल एकदम शांत.

दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

कारण त्यांचं बरोबरच आहे. सहकारात नफा म्हणजे बऱ्याचदा सभासदाकडून थोडं जास्त घेतलेलं नाहीतर त्याला थोडं कमी दिलेलं, म्हणून तर १८४४ मध्ये इंग्लंडात रॉचडेल गावच्या लोकांनी सहकारी दुकान काढलं तेव्हा शेअरवर फक्त ठरावीक व्याज आणि उरलेला वाढावा ज्याची जेवढी खरेदी त्या प्रमाणात परत, असं ठरवलं, आणि मत मात्र प्रत्येकाला एकच.

पण सगळंच वाटून टाकलं तर एका वाईट वर्षात संस्था बसते, मग ध्येय कोण सांभाळणार? राखीव निधी लागतोच. हे तिथेच उठून बोलायला हवं होतं मी, नाही बोललो.

त्यांना उत्तर न देताच ठराव मंजूर झाला, टाळ्या पण वाजल्या. पुढच्या वर्षी आकडा वाचायच्या आधी तो कुणाकडून आला आणि कुठे जाणार, एवढं सांगता येईल का आपल्याला?