सेशेल्समधी यॉट भाड्यानं घ्यायचीय? आधी वारा बघा, मग बोट

परत आल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतोय, "किती गेले रे?" त्याचं पुढं सांगतो, पण यॉटच्या ट्रिपमध्ये पैशाच्या आधी महिना ठरवायचा असतो आणि नेमकं तेच कोण विचारत नाही.

सेशेल्स म्हणजे हिंदी महासागरातला बेटांचा देश, तिथं वर्षाचे दोन वारे आहेत. साधारण मे ते सप्टेंबर आग्नेयेकडनं, कोरडा पण जोरात, समुद्र उसळलेला. डिसेंबर ते मार्च वायव्येकडनं, दमट आणि पाऊस जास्त. मधले एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे वारा फिरायचा काळ, तेव्हा पाणी शांत आणि तळ दिसेल इतकं नितळ. शिडं उघडून नुसत्या वाऱ्यावर जायची हौस असेल तर हे महिने थोडे मचूळ वाटतील, कारण बऱ्याचदा इंजिनच चालवावं लागतं, पण पोहणं आणि स्नॉर्केलिंग करायचं असेल तर हेच. आपल्यासाठी सोय अशी की दिवाळी नेमकी याच काळात येते, आम्ही भाऊबीज उरकून निघालो. मेच्या सुट्टीत जायचा विचार असेल तर पोरांच्या परीक्षा संपल्या की एप्रिलमध्येच उरकता येतंय का बघा.

वाऱ्याचं एवढं का सांगतोय, तर कुठल्या खाडीत रात्री नांगर टाकायचा हे त्याच्यावरच ठरतं. प्रालँ बेटावरचा आन्स लाझियो किनारा, जो सगळ्या फोटोत असतो, तो वायव्येकडं तोंड करून आहे, म्हणजे आग्नेय वाऱ्यात तिथं एकदम आडोसा आणि जानेवारीत लाटा थेट आत. ला डिग बेटावरच्या ग्रँड आन्स किनाऱ्याचं बरोबर उलटं, आग्नेय वाऱ्यात तिथं पाण्याला अशी ओढ असते की पंचगंगेत पुरात उड्या मारणाऱ्यांनीसुद्धा गुडघ्याच्या पुढं जाऊ नये. त्यामुळं बोट ठरवून देणारा ब्रोकर जी सुंदर रंगीत आयटिनरी पाठवतो ती लग्नपत्रिकेवरच्या जेवणाच्या वेळेसारखी समजायची. कुठं जायचंय ते स्किपरला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला सांगा, कधी जायचं ते त्याला ठरवू द्या.

आता बोट. आम्ही चार जोडपी, त्यामुळं कॅटामरान घेतला, म्हणजे दोन सांगाड्यांची रुंद बोट, एका सांगाड्याच्या बोटीसारखी ती कलत नाही आणि बसायला-लोळायला जागा भरपूर. इथं एक मेख आहे ती नीट वाचा. चार केबिनची बोट म्हणजे पाहुण्यांना चार केबिन असंच काही नाही, स्किपर आणि शेफ झोपणार कुठं? काही बोटींना पुढच्या टोकाला क्रूच्या वेगळ्या छोट्या केबिन असतात, काहींना नसतात, मग तुमच्यातलीच एक जाते. बुकिंगच्या आधी बोटीचा नकाशा मागवा आणि क्रू कुठं झोपणार हे मेलवर लिहून घ्या. दुसरा प्रश्न एसीचा. तो बहुतेक बोटींवर जनरेटरवर चालतो, रात्रभर चालू ठेवतात का ठरावीक वेळेनंतर बंद करतात ते विचारा. तिसरा, वॉटरमेकर आहे का, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करायचं मशीन. ते नसेल तर आठ माणसांच्या अंघोळीत टाकी कधी रिकामी होईल सांगता येत नाही. क्रूशिवाय नुसती बोटपण मिळते, पण त्याला सेलिंगचा अनुभव आणि कागद लागतात, रंकाळ्यात पॅडलबोट चालवलीय म्हणून कोण चावी देत नाही.

पैसे. आकडा सांगत नाही कारण बोट आणि महिना बदलला की तो दुप्पट-तिप्पट फिरतो, पण हिशोब कसा असतो ते सांगतो. कोट केलेलं भाडं म्हणजे बऱ्याचदा फक्त बोट आणि क्रू. त्याच्या वर एपीए (ॲडव्हान्स प्रोव्हिजनिंग अलाउन्स) म्हणून खर्चासाठी उचल घेतात, शिडाच्या बोटीला भाड्याच्या साधारण २० ते ३० टक्के, मोटर यॉटला त्याहून जास्त कारण ती डिझेल पिते. त्या उचलीतनं डिझेल, किराणा, दारू, बंदराचे पैसे जातात, शेवटी पावत्या दाखवून उरलेले परत मिळतात, कमी पडले तर तुम्ही भरायचे. काही जण सगळं धरून एकच रेट देतात, आपल्यासारख्यांना तेच बरं, फक्त त्यात दारू आणि मरीन पार्कची तिकिटं आहेत का तेवढं बघा, बहुतेक वेळा नसतात. टिप वेगळी, भाड्याच्या ५ ते १५ टक्के असा रिवाज आहे, न देऊन चालतं पण मग तोंड लपवत उतरायला लागतं. आणि इकडनं पैसे पाठवताना टीसीएस म्हणून आगाऊ कर कापतात, तो रिटर्न भरताना जमेला धरला जातो, पण तोपर्यंत अडकून राहतो, म्हणून सीएला आधी फोन करा.

आपल्याला व्हिसा लागत नाही, पण निघायच्या आधी ऑनलाइन ट्रॅव्हल ऑथरायझेशन काढावंच लागतं. चार्टरचं, म्हणजे बोटीच्या बुकिंगचं कन्फर्मेशन लेटर हाताशी ठेवा, राहणार कुठं हे विचारतातच. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठली आणि तिथनं सेशेल्सच्या मुख्य बेटाचं, माहेचं थेट विमान, साधारण साडेचार तास. घड्याळ दीड तास मागं. बोट ईडन आयलंडच्या मरीनातनं, म्हणजे यॉटच्या बंदरातनं निघते, राजधानी व्हिक्टोरियाच्या अगदी जवळ. वेळ असेल तर व्हिक्टोरियात रंगीत गोपुराचं गणपतीचं देऊळ आहे, तमिळ लोकांनी बांधलेलं. आमच्या वहिनी तिथं नारळ फोडूनच बोटीवर चढल्या.

माहे ते प्रालँ हा एकच लांबचा टप्पा, २५ नॉटिकल मैलांच्या आसपास, चार-पाच तास लागतात. गगनबावड्याच्या घाटात ज्याला गाडी लागते त्याला बोट लागणार हे धरूनच चाला. गोळी उलटी सुरू झाल्यावर नाही, निघायच्या आधी घ्यायची आणि आत केबिनमध्ये न बसता बाहेर क्षितिजाकडं बघत बसायचं. एकदा प्रालँ गाठलं की पुढची सगळी बेटं हाकेच्या अंतरावर आहेत.

सगळ्यात भारी क्युरिअस बेट. तिथं अल्दाब्रा जातीची अवाढव्य कासवं मोकळी फिरतात, मानेखाली खाजवलं की पाय ताठ करून मान अशी लांबवतात की बघतच राहावं. तिथनं खारफुटीतल्या लाकडी पुलावरनं पलीकडच्या किनाऱ्याला चालत जाता येतं, पूर्वी या बेटावर कुष्ठरोग्यांची वसाहत होती, त्यांच्या डॉक्टरचं घर आता छोटं म्युझियम आहे. प्रालँवरचं व्हॅली द मे हे ताडमाडाचं जंगल मात्र सकाळी लवकर करा. १९८३ पासनं जागतिक वारसा आहे आणि तिथं कोको द मेर म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं बी असलेला जोडनारळ लागतो. विकत घेणार असाल तर परमिटसकट घ्या, नाहीतर विमानतळावर जप्त. ला डिगला सायकली भाड्यानं घ्या. तिथल्या आन्स सूर्स दार्जाँ किनाऱ्याला बोटीनं जवळ जायचा हट्ट धरू नका, पाणी उथळ आणि खाली प्रवाळ. सायकलनं जायचं, आत तिकीट आहे. कुझँ बेटावर पक्षी बघायला जाणार असाल तर तुमच्या डिंगीला, म्हणजे यॉटवरनं किनाऱ्याला न्यायच्या छोट्या होडीला, तिथं लागू देत नाहीत, तिथल्या लोकांची बोट येऊन घेऊन जाते, तेपण सोमवार ते शुक्रवार सकाळीच, म्हणून दिवस आधी जुळवा.

जेवणाचं. महिनाभर आधी प्रेफरन्स शीट, म्हणजे काय खाणार-पिणार ते लिहायचा फॉर्म येतो, तो बायकांना भरू द्या. आमच्यात एकाचा गुरुवार, एकीची संकष्टी, त्यामुळं शेफला तारखेसकट लिहून दिलं होतं, तरी त्यानं गुरुवारी सकाळी येऊन हळूच विचारलंच, "अंडं हे प्राण्यात धरायचं का?" मटण, ताजी फळं, भाज्या इकडनं नेऊ नका, बायोसिक्युरिटीवाले काढून घेतात. आम्ही कांदा-लसूण चटणी कंपनीच्या सीलबंद पाकिटात नेली आणि फॉर्मवर जाहीर केली, काही त्रास झाला नाही. वाटेत गळाला बोनिटो मासा लागला, स्किपरनं मागच्या पायरीवर बसून एका सुरीनं दोन मिनिटांत काटा वेगळा केला आणि वहिनींनी चटणी, मीठ, लिंबू चोळून अर्धे तुकडे ग्रिलवर टाकले. त्यानं एक खाल्ला, डोळ्यातनं पाणी, वर थंड सेब्रू बिअर, मग म्हणे पाकीट ठेवून जा. दुसऱ्या दिवशी त्यानं नीरफणसाच्या चिप्स केल्या, त्यावरपण तीच चटणी!

सामान मऊ बॅगेत न्या, कडक सुटकेस ठेवायला बोटीत जागा नसते. डेकवर अनवाणीच फिरायचं असतं, त्यामुळं कोल्हापुरी पायताण घरीच ठेवा, खाऱ्या पाण्यात कातड्याची वाट लागते. डिंगीतनं किनाऱ्याला उतरताना गुडघाभर पाण्यातच उडी असते, फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये. बोटीच्या संडासात कागदसुद्धा टाकायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्पष्ट सांगा, नंतर कोण केलं ते कोण कबूल करत नाही.

परतीचं विमान बोट सोडायच्या दिवशी दुपारचं घेऊ नका. सकाळी बोट ताब्यात द्यायची असते, म्हणून आदल्या रात्रीच माहेजवळ येऊन थांबायला लागतं, त्यात वारा फिरला तर आणखी लवकर. एक रात्र व्हिक्टोरियात हॉटेल घ्या आणि एपीएच्या पावत्या तिथं निवांत तपासा, त्या बघितल्याशिवाय सही करू नका.