तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी जादू असून राजकन्या सेलेस्टिया स्वतः का लढत नाही?

शनिवारी संध्याकाळी आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घराच्या ओटल्यावर सतरंजी पडली की गल्लीतली आठ-दहा मुलं येऊन बसतात. मधोमध शेव-परमलचं, म्हणजे शेव-कुरमुऱ्यांचं, पातेलं आणि माझ्या मांडीवर चित्रकथेचं पुस्तक. मुलं सगळी मराठी घरांतली, पण शाळेत हिंदी आणि इंग्रजी, एकमेकांत तर हिंदीच. मराठी कानावर पडते ती आजीकडून. म्हणून मी पुस्तकं इंग्रजी घेते आणि वाचता वाचता मराठी करत जाते. तीन वर्षांपूर्वी भाचीने तिच्या लहानपणीची 'माय लिट्ल पोनी'ची चित्रकथा माझ्या हवाली केली, तेव्हापासून मुलांना दुसरं काही नको असतं.

त्यातली राजकन्या सेलेस्टिया त्यांना तोंडपाठ आहे. शुभ्र घोडी, पाठीला पंख, कपाळावर शिंग, वाऱ्यावर हलावेत तसे हलणारे रंगीत केस. इक्वेस्ट्रिया नावाच्या राज्यावर ती हजाराहून अधिक वर्षं राज्य करते आहे आणि रोज सकाळी सूर्य तीच वर आणते. संकटं मात्र निवारतात तिची शिष्या ट्वायलाइट आणि ट्वायलाइटच्या पाच मैत्रिणी. तिच्याबद्दलचा एक प्रश्न मला दर दोन-तीन आठवड्यांनी कोणीतरी विचारतंच. मुलं विचारतात, मुलांना न्यायला आलेले बाबा विचारतात, परवा माझ्या धाकट्या जाऊबाईंनीही विचारला: "एवढी जादू आहे, सूर्य हलवते, मग संकट आलं की सहा पोरींना पुढे का करते? स्वतः का लढत नाही?" घाईगर्दीत मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

आधी हे सांगायला हवं की ती लढलेली आहे. दोनदा तरी. आणि दोन्ही लढायांनी तिला काय दिलं ते पाहिल्याशिवाय तिचं थांबणं कळत नाही.

पहिली लढाई सख्ख्या बहिणीशी. सूर्य थोरलीकडे, चंद्र धाकट्या लूनाकडे, अशी कामाची वाटणी होती. लोक दिवसा हसत-खेळत आणि रात्री लूनाने सजवलेल्या आकाशाखाली झोपून जात. आपल्या रात्रीकडे कुणी मान वर करून बघत नाही, हे लूनाच्या मनात सलत राहिलं. शेवटी ती नाइटमेअर मून झाली आणि पहाट होऊ देईना. तेव्हा सेलेस्टियाने सहा दिव्य रत्नांची शक्ती एकटीने वापरली आणि बहिणीला हजार वर्षांसाठी चंद्रावर धाडलं. जिंकली. पण त्या दिवसापासून सूर्यही तिनेच आणायचा आणि चंद्रही तिनेच. मुलांना मी हे सांगते तेव्हा माझं लक्ष त्या चंद्राकडेच जातं. बहीण जिथे कैदेत आहे, तो चंद्र हजार वर्षं रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने वर आणायचा! पुढे याच गोष्टीच्या टीव्ही मालिकेतल्या २०११च्या भागांत ती शिष्येला सांगते की त्या रत्नांशी आता माझं आणि लूनाचं नातं उरलेलं नाही, ती आता तुम्हीच चालवायची. हे वाक्य पटकन येऊन जातं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

दुसरी लढाई २०१२ची, क्रिसॅलिस राणीशी. राजवाड्यात लग्नाची तयारी चाललेली, आणि नवरीच्या रूपात ही राणी शिरलेली. ती दुसऱ्यांचं प्रेम खाऊन बळ कमावते. सेलेस्टिया पुढे होते, शिंगाला शिंग भिडतं, आणि ती हरते. मुकुट गळून पडतो. आमच्याकडे मुलं इतकी गप्प बसलेली मी क्वचितच पाहिली आहेत. एकाने हळूच विचारलं, "मावशी, ती मोठी आहे ना?" मोठी आहे, पण सगळ्यात बलवान नाही. आपल्या घरातल्या मोठ्या माणसांबद्दलही हे मुलांना एक दिवस कळतंच. गोष्टीत कळलं तर बरं.

काही पालकांना हे सगळं खेळणी खपवण्यासाठी केलेलं वाटतं. खरंच आहे. हॅस्ब्रो कंपनीच्या या छोट्या घोड्या १९८०च्या दशकातल्या. २०१० साली लॉरेन फॉस्ट या चित्रकर्तीने त्यांना नवं रूप देऊन मालिका उभी केली, आणि नोव्हेंबर २०१२ पासून आयडीडब्ल्यू या प्रकाशनाने चित्रकथेचे अंक काढायला सुरुवात केली. फॉस्टबाईंच्या मनात सेलेस्टिया 'राणी' होती. पण परीकथांमुळे 'राणी' म्हटलं की मुलींना दुष्ट बाई आठवते, असं त्यांना कंपनीकडून सांगण्यात आलं आणि राणीची राजकन्या झाली. इंदुरात वाढलेल्या मला हे वाचून फार नवल वाटलं. राज्य करणारी बाई म्हटलं की इथल्या मुलाला जे आठवतं ते राजवाड्यासमोरच्या बागेत पुतळा होऊन उभं आहे: अहिल्याबाई होळकर. मी मुलांना ती 'राणी' म्हणूनच सांगते.

तर शिष्येची गोष्ट. ट्वायलाइट स्पार्कल पुस्तकांत बुडालेली, हुशार, एकलकोंडी. जुन्या पोथीत तिला नाइटमेअर मून परतणार असल्याची खूण सापडते आणि ती घाबरून गुरूला पत्र पाठवते. उत्तर येतं: पुस्तकं मिट, पोनीव्हिल गावात जा, उत्सवाची तयारी बघ आणि मैत्रिणी कर. मुलांना या उत्तराचा भयंकर राग येतो. संकट दाराशी आलंय आणि मैत्रिणी कर काय! पण सेलेस्टियाला सगळं ठाऊक असतं. ट्वायलाइटमध्ये शक्ती आहे आणि मैत्रीवाचून ती जागी होणार नाही, हेही ठाऊक असतं. एवढंच की ते सांगून भागणारं नसतं. "जा, या पाचजणींशी मैत्री कर म्हणजे रत्नं चालतील" असं सांगितलं असतं तर ट्वायलाइटने पाच नावांची यादी केली असती आणि एकेकीवर खूण करत गेली असती. मैत्री झालीच नसती. म्हणून ती तोंड मिटून दूर बसते. आणि पणाला काय लागलेलं असतं, तर तिची बहीण. सहाजणी जिंकतात, लूना पुन्हा लूना होते, तेव्हा सेलेस्टिया तिच्यासमोर वाकून पुन्हा मैत्री करशील का असं विचारते. एकटीने वापरलेल्या शक्तीने जिला हजार वर्षं दूर लोटलं, तिला सहाजणींच्या मैत्रीने परत आणलं. हे तिला स्वतःला करता आलं नसतं. करून बसली होती, आणि काय झालं ते जन्मभर पाहत होती.

शहाणी आहे म्हणून ती चुकत नाही असंही नाही. चित्रकथेचे १७ ते २० हे अंक मला सगळ्यात जवळचे. २०१४चे, लेखन केटी कुक यांचं, चित्रं अँडी प्राइस यांची. त्यात एक आरसा आहे. त्यातून पलीकडच्या जगात जाता येतं, आणि तिथे सगळं उलटं: इकडचा दुष्ट राजा सोम्ब्रा तिकडे सज्जन, आणि तिकडच्या सेलेस्टिया-लूनाच दुष्ट. आपली सेलेस्टिया त्या राजाच्या प्रेमात पडते आणि तिच्या स्वतःच्या गुरूने बजावूनही आरशातून जात राहते. तिच्या या जाण्या-येण्यानेच दोन जगांमधली भिंत पातळ होत जाते. एवढी शहाणी बाई, आणि जीव गुंतला तिथे शहाणपण थांबलं! एका मुलीच्या आईने हा भाग मुलांना नको म्हणून सुचवलं होतं. मी वाचला. मुलांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. "तिला तो आवडत होता," एवढंच मुलं म्हणाली.

एका शनिवारी एक मुलगा म्हणाला, "म्हणजे ही आपल्या अहिल्यामातेसारखी." खरीखुरी होऊन गेलेली बाई आणि कल्पनेतली घोडी एका तराजूत घालायला माझं मन घेत नाही. पण प्रश्न त्याने बरोबर जागी आणून ठेवला. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ कारभार पाहिला, महेश्वरी बसून. फौजेची मोहीम तुकोजीरावांकडे, राज्याचा कारभार बाईंकडे. हुकूम निघत ते 'श्री शंकर आज्ञेवरून'. म्हणजे आपल्याच राज्यात आपण विश्वस्त. "त्या स्वतः का नाही गेल्या लढायला?" असं इंदुरात कुणी विचारत नाही, कारण त्यांनी काय केलं ते घाटांवर आणि देवळांवर दिसतं. मुलांना मी एवढंच सांगितलं. जे सांगितलं नाही ते हे, की १७९१ साली त्यांचे जावई गेले आणि एकुलती एक लेक मुक्ताबाई सती गेली. आईने विनवण्या केल्या, तरी लेक थांबली नाही. सगळं राज्य जिच्या शब्दावर चालतं तिचा शब्द पोटच्या पोरीपाशी चालला नाही. महेश्वरच्या घाटावर गेले की मला हेच आठवतं, आणि आता चंद्र वर आणणारी ती घोडीही आठवते. तुलना नाही करत. आठवतं, एवढंच.

२०१९ मध्ये मालिका संपली तेव्हा सेलेस्टिया आणि लूना निवृत्त झाल्या, राज्य ट्वायलाइटकडे गेलं. ज्या हातांनी हजार वर्षं सूर्य आणला ते काम त्यांनी जिवंतपणी, धडधाकट असताना सोडून दिलं. मुलांना हा शेवट रटाळ वाटतो. मला त्यावर पुष्कळ बोलायचं असतं, पण राहू दे.

गेल्या पावसाळ्यात माझा घसा बसला. आवाजच फुटेना. शनिवारी मुलं आली तशी मी हातानेच नाही म्हटलं. तर समोरच्या घरातली नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "मी वाचते," आणि पुस्तक माझ्या मांडीवरून उचललं. इंग्रजी बघायचं आणि मराठीत बोलायचं, मी करते तसंच. पहिल्याच पानावर तिची ट्वायलाइट म्हणाली, "मला भीती लागते." डर लगता है, तशी भीती लागते. माझ्या ओठांवर 'वाटते' आलं होतं. आवाज नव्हता, पण हाताने थांबवता आलं असतं. हात मी पदरात गुंडाळून ठेवला. पुढे 'सूरज' उगवला, 'चाँद' बुडाला, लूना 'नाराज' झाली. मग एका जागी ती अडली. बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली. सगळे तिच्याकडे बघत होते, मीही. मग तिने चित्रावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आणि मग ना, थोरलीने धाकटीला जवळ घेतलं."

'थोरली' हा शब्द मी तिला कधी शिकवला नव्हता. नुसता वापरत आले होते.