तुम्ही विचारलंत म्हणून: हिमोग्लोबिन चांगलं, मग वासरू उठत का नाही?

हगवण लागलेल्या वासराच्या रक्ताचा रिपोर्ट आला की हा प्रश्न ठरलेला. हिमोग्लोबिन भरपूर, प्रथिनं भरपूर आणि वासरू मान टाकून पडलेलं. पशुवैद्य म्हणून मला तर ते भरपूर आकडेच खटकतात.

पातळ संडासातून पाणी आणि क्षार जातात, रक्तपेशी आतच राहतात. 40 किलोच्या वासराच्या वजनाच्या 10 टक्के पाणी गेलं, तर ते 4 लिटर झालं. डोळे खोल जातात, चिमटीत धरलेली कातडी लवकर सपाट होत नाही. रक्त आटून घट्ट होतं, म्हणून थेंबागणिक पेशी जास्त दिसतात. ही वाढ खोटी.

पोटॅशियम त्याहून फसवं. संडासावाटे ते जातच असतं, शरीरातला साठा घटतो, तरी रक्तात मात्र बऱ्याचदा वाढलेलं दिसतं. रक्तातलं आम्ल वाढलं की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं आणि लघवी कमी झाल्याने ते बाहेरही पडत नाही. वाढलेल्या पोटॅशियमचा हृदयावर परिणाम होतो, म्हणून अशा वेळी मी आधी हृदयाचे ठोके ऐकतो.

वासरू उठत नाही, त्यामागे बहुतेकदा हे आम्लच असतं. संडासातून बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल शमवणारा क्षार, गेलेला असतो, शिवाय न पचलेल्या दुधावर आतड्यातले जंतू डी-लॅक्टेट नावाचं आम्ल बनवतात. मग वासरू झिंगल्यासारखं चालतं, चोखायचं सोडतं. कधीकधी तर अंगातलं पाणी फारसं कमी झालेलं नसतानाही. तिथे नुसतं मिठाचं सलाईन पुरत नाही, बायकार्बोनेट द्यावं लागतं.

रिपोर्टवरचा ‘नॉर्मल’चा रकाना बहुधा मोठ्या जनावरांचा असतो, हेही सांगून ठेवतो. निरोगी वासराच्या रक्तातली प्रथिनं चीक प्यायल्यावर चढतात. साधारण 24 तासांनंतर आतडं चिकातली प्रतिपिंडं रक्तात घेत नाही. पांढऱ्या पेशींचंही तसंच: जन्मताना त्यातल्या न्यूट्रोफिल जास्त असतात, पुढच्या काही आठवड्यांत लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पेशी वरचढ होतात. त्यामुळे आठवड्याभराच्या सुकलेल्या वासराची प्रथिनं रक्त आटूनही नुसती ‘नॉर्मल’ दिसली, तर ती मुळात कमी असावीत, म्हणून मी पहिल्यांदा विचारतो, चीक कधी आणि किती पाजला?

सलाईननंतर हिमोग्लोबिन उतरलं की लोक घाबरतात, “डॉक्टर, रक्त कमी झालं!” कमी झालेलं नसतं, खरा आकडा आता दिसायला लागलेला असतो. रक्तक्षय (अ‍ॅनिमिया) असलाच तर तो तेव्हा कळतो, आणि लोहाचा विचार मी तेव्हाच करतो.